उष्ट्या ताटातलं औषध

“खरं सांग राधिका, माझ्या लेकराच्या गोळ्या कुठं फेकल्यास तू?” दवाखान्यात, चार माणसांदेखत चंद्रभागाबाईंनी सुनेला विचारलं.

शेजारी तिचा नवरा, परमेश्वर, निर्विकार बसला होता. जुन्या औषधांनी त्याचे भास गेले, कानातले आवाज थांबले. पण त्या आवाजांबरोबर माणूसही निघून गेला होता. ना बोलणं, ना हसणं, ना कशाची ओढ... बापाच्या तिरडीपुढंही तो कोरड्या डोळ्यांनी बसून राहिला होता! मनाचं हे ओसाडपण घालवणाऱ्या नव्या औषधाची शहरात चाचणी सुरू झाली, परमेश्वरानं मान हलवून होकार दिला, तेव्हा राधिकानं औंढ्याला जाऊन नागनाथापुढं डोकं टेकलं होतं. आणि आज डॉक्टरीणबाई सांगत होत्या, रक्तात औषध जेमतेम निम्मंच सापडलं.

“गोळी कशी देता तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“थुंकून देतेत हो मॅडम... म्हून वरणात कुस्करून देते.”

“अख्खी गिळवायला सांगितलं होतं ना! बरं, जेवण सगळं संपवतात?”

“न्हाई... अर्धं टाकतेत.”

“मग ते टाकलेलं?”

राधिकानं पदर तोंडाला लावला. “त्यांच्याच ताटात मी जेवते.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणजे राधिकाची ती चक्कर, ती मळमळ, जिला सासू कामचुकार बाईची सोंगं म्हणत आली होती... नवऱ्याचं औषध बायकोच्या पोटात जात होतं!

“म्याच शिकवलं गं तुला,” चंद्रभागाबाईंनी हंबरडा फोडला, “लग्नाच्या दुसऱ्या दिवशी म्याच बसवलं त्याच्या उष्ट्या ताटावर! पापीण मी हाय माय, तू न्हाईस!” आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सुनेला पोटाशी धरलं.

राधिकानं मात्र डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. “मला काय बी होऊ द्या, पण ह्यांना चाचणीतून काढू नका!”

“चाचणीतली गोळी दुसऱ्याच्या पोटात गेली की थांबवायचं, हा नियम माझ्या हातात नाही हो,” त्या हळव्या होऊन म्हणाल्या. “त्यांचं औषध आजपासून थांबवावं लागेल. आणि आधी तुमचं रक्त तपासू.”

उरलेल्या गोळ्या परत घेतल्या गेल्या. रक्त देऊन राधिका बाहेर आली आणि नवऱ्याशेजारी मटकन बसली. सासू चहा आणायला गेली होती. तेवढ्यात परमेश्वरानं मान वळवली, कितीतरी वर्षांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि अडखळत विचारलं,

“रोज भिंत धरून चालती तू... काहून? लई तकलीफ व्हती का?”

राधिका हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. औषध लागू पडू लागलं होतं... आणि ते आता त्याला कुणीच देणार नव्हतं!