मिळालं नाही ते कोठार

"तुम्ही नदीत शाळा बांधलीत," शेजारच्या खुर्चीतला म्हणाला.

मी सरावाच्या नकाशावर वाकून पाहिलं. खरंच की! माझा पिवळा ठोकळा पुराच्या निळ्या पट्ट्यावर बसला होता.

"मुलं पोहायला शिकतील," मी म्हटलं.

तो इतक्या मोठ्यानं हसला, की पुढची रांग वळून बघायला लागली.

मार्चमधला शनिवार. व्हरमाँट राज्यभर बर्फ वितळून नुसता चिखल. सहा गावांच्या नियोजन मंडळांवरचे आम्ही बिनपगारी सदस्य अग्निशमन केंद्रात प्रशिक्षणाला जमलो होतो. घर कुठे, दुकान कुठे, रस्त्यापासून किती जागा सोडायची – गावासाठी हे ठरवायचं, तर आधी शिकायला हवं. मी लिडिया, शाळेची बस चालवते. तो ॲन्सन, पलीकडच्या गावचा सुतार. पेन्सिल देताना त्याच्या बोटांना ताज्या लाकडाचा वास यायचा...

असे चार शनिवार. शेवटच्या दिवशी त्यानं डोनट आणले.

"उरलेला तुझा."

"अर्धा-अर्धा?"

"नको. तू आधी साखर चाटतेस ना, ते बघायला मला–" तो थांबला. कान लालबुंद. मी नुसती डोनट चावत राहिले. वेडी!

मे महिन्यात त्याचा अर्ज आमच्याच मंडळापुढे आला. आमच्या गावातलं जुनं कोठार घेऊन त्याला कारखाना काढायचा होता. पण कोठार रस्त्याला नियमापेक्षा बारा फूट जवळ होतं, म्हणून सवलत हवी होती. नाही मिळाली, तर मालक दुसऱ्याला विकणार होता. पाचांतली एक सदस्य आजारी. मंजुरीला तीन मतं लागतात, आणि आमच्यातला म्हातारा टटल सवलतीला कायम नाहीच म्हणतो. बाकी दोघं हो म्हणणार. म्हणजे सगळं माझ्यावर.

"अर्जदाराशी कुणाचा काही संबंध?" अध्यक्ष क्विम्बीबाईंनी कागदातून मान वर न करता विचारलं.

संबंध? आम्ही साधा हातसुद्धा धरला नव्हता. ॲन्सन माझ्याकडे आशेनं बघत होता.

मी उभी राहिले. "मला यावर मत देता येणार नाही."

"कारण?"

"मला... तो आवडतो."

क्विम्बीबाईंचा चष्मा नाकावर घसरला. "त्याला ठाऊक आहे?"

"आत्ता कळलं असेल."

दोन मतं बाजूनं, टटलचं विरोधात. अर्ज फेटाळला.

मी बाहेर पायरीवर बसले. थोड्या वेळानं तो शेजारी येऊन बसला. चेहरा पार उतरलेला.

"सहा महिने शोधत होतो तसं कोठार."

"माहीत आहे... चिडलास?"

"थोडा. गप्प बसली असतीस तर मिळालं असतं." त्यानं बुटाचा चिखल पायरीवर खरवडला. "पण मग तुझ्यावर विश्वास कसा ठेवला असता?"

माझे डोळे भरून आले.

"लिडिया, सुनावणीत अर्जदाराला बोलायला वेळ देतात ना?"

"देतात. तीन मिनिटं."

त्यानं माझा हात हातात घेतला – आणि तीन मिनिटं एक अक्षर बोलला नाही.