न्यूट्रिनोंसाठी कोरी जागा

"तुम्ही माझे सगळे न्यूट्रिनो गाळलेत," असं म्हणत एक उंच, विस्कटलेला माणूस माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला... आणि आमची ओळख झाली.

त्र्याहत्तर सालचा श्रावण होता. कलकत्त्याच्या एका विज्ञानसंस्थेत टायपिस्ट म्हणून लागून मला चारच दिवस झाले होते. त्याच्या हस्तलिखितात ओळीओळीला ग्रीक अक्षरं होती, न्यूट्रिनो नावाच्या कणाची खूणही त्यांतलीच; आणि माझ्या टाइपरायटरवर ती अक्षरं नव्हतीच. मी ती सरळ वगळली आणि ओळी जुळवून टाकल्या. कागद कशाला वाया घालवायचा?

"तिथे कोरी जागा सोडायची. मी हाताने भरतो," चारुदत्त टिकेकरने समजावलं. त्याच्या घराच्या तीन पिढ्या इथल्याच भवानीपुरात गेलेल्या, त्यामुळे मराठी बोलताना तो अडखळायचा, आणि अडखळला की त्याचे कान लाल व्हायचे. मला ते कान फार आवडले, हे आत्ताच सांगून टाकते.

जागा भरायला तो रोज माझ्या टेबलाशी बसू लागला. लोडशेडिंग झालं की मी फाइलने दोघांना वारा घालायची.

"एवढं काय असतं या न्यूट्रिनोत?" एकदा मी विचारलं.

"एकेकटा काहीच नाही. पण आहेत इतके, की प्रत्येकाला जरासं वजन असलं तरी सगळे मिळून विश्वाचं पसरणं आवरतील." त्याने पेन खाली ठेवलं. "आत्ता तुमच्या बोटांतूनसुद्धा जाताहेत."

मी बोटांकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं — जरा जास्तच वेळ.

"काही न बोलता निघून जातात? मग तुमच्यासारखेच की."

त्याचे कान लाल झाले.

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर बाबांची बदली झाली. खिदिरपूरच्या गोदीत ते कस्टममध्ये होते, आता कोचीन. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. चारुदत्तला सांगितलं, तर तो नुसतं "बरं" म्हणाला आणि नवा लेख माझ्यापुढे ठेवून गेला. मला रडूच आलं. मग राग आला, आणि तो मी दोन दिवस टाइपरायटरवर काढला.

शेवटच्या पानावर आभार होते. गुरूंचे, ग्रंथपालांचे, आणि टंकलेखनासाठी कालिंदी... पुढे कोरी जागा. आडनावच नव्हतं. पान घेऊन मी तडक त्याच्या खोलीत गेले.

"ओगले," मी म्हटलं. "विसरलात वाटतं."

"विसरलो नाही." तो उठून उभा राहिला. "लेख छापून यायला सहा महिने लागतात. तोवर... तुमचं आडनाव तेच असेल का, मला ठाऊक नाही. ही जागा तुम्ही भरायची. हो म्हणालात, तर माझे आई-वडील रविवारी तुमच्याकडे येतील."

खाली ट्राम घणघणत गेली. मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि 'टिकेकर' लिहिलं. घाईत अक्षर वाकडं आलं. त्याने ते पान तसंच छापायला पाठवलं.