सरळ पंखांच्या माश्या

"माझ्याकडे चोरी झालीय," असं म्हणून तिने मास्तरांच्या टेबलावर काचेची एक नळी ठेवली.

नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा होता. तळाशी पिवळट लगदा आणि त्यात रुतून मेलेल्या बारीक माश्या.

"चोरी झाली तर हे काय?" मेहुण्याने विचारलं.

"चोराने मागे ठेवलेलं."

मास्तर पूर्वी गणित शिकवत, आता खासगी तपास करत. बायको गेल्यानंतरही तिचा भाऊ त्यांच्याकडेच राहिला होता. तो विषय दोघंही काढत नसत. मेहुणा प्रश्न फार विचारी आणि उत्तरं अर्धीच ऐके.

ती फळमाश्यांवर संशोधन करायची. पीएच.डी.नंतरची एक वर्षाची नेमणूक, आणि ती या महिन्यात संपत होती.

"अंड्यातून अळी कशी घडते, हा माझा विषय. मला एक जनुक सापडलं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर मादी ठणठणीत असते, अंडीही घालते, पण एकातूनही अळी बाहेर येत नाही."

"मग वंश चालतो कसा?" मास्तरांनी विचारलं.

"वाकड्या पंखांच्या माश्यांवर. त्यांची एक प्रत धड असते. ओळखू यावं म्हणून त्या धड प्रतीला वाकड्या पंखांची खूण जोडलेली असते. बिचाऱ्यांना नीट उडताही येत नाही, पण पिल्लं त्यांच्याच माद्यांना होतात. सरळ पंखांच्या माद्या नुसत्या दिसायला देखण्या."

ती ऑपरेशनसाठी इस्पितळात होती. नंतर बरेच दिवस घरी अंथरुणात. कामावर परतली तेव्हा ट्रेमधल्या सगळ्या नळ्यांत फक्त सरळ पंखांच्या माश्या होत्या, त्याही मेलेल्या.

"नेमक्या कामाच्या वेचून नेल्या. म्हणजे चोर जाणकार आहे. म्हणजे माश्या कुठेतरी जिवंत आहेत." तिने पदर घट्ट धरला होता. "मला कुणाला शिक्षा नकोय, माश्या हव्यात. त्या नसतील तर नेमणूक वाढणार नाही. वर लोक म्हणतील, असं जनुक होतं याला पुरावा काय?"

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम घाईत होत्या.

"ती इस्पितळात असताना मुंग्या झाल्या होत्या म्हणून इमारतीत फवारणी केली. त्याआधी सगळे ट्रे घरोघर पाठवले, सोबत ताज्या खाद्याच्या नळ्याही दिल्या. तिचा ट्रे तिच्या नवऱ्याने नेला आणि परत आणला. बाकी कुणाच्या माश्या मेल्या नाहीत."

शेजारच्या टेबलावरच्या तरुणाला सगळे चिडवून 'प्रोफेसर' म्हणत. त्याचीही नेमणूक वर्षाचीच.

"चोरायच्या असत्या तर एक नर, एक मादी पुरली असती," तो म्हणाला. "ट्रेभर माश्या घेऊन जाऊ कुठे, सासुरवाडीला?"

"तिचं नुकसान करायला?" मेहुणा म्हणाला.

"मग सरळ सिंकमध्ये ओतल्या असत्या. एकेक पंख बघत कोण बसेल?"

मास्तरांनी नळी पुढे केली. "या लगद्यात का रुतल्यात?"

"नळी उभी ठेवली म्हणून खाद्याला चिकटल्या. बेशुद्ध माश्या भरल्या की नळी आडवी ठेवायची, जाग येईपर्यंत. हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात."

"ट्रे परत आल्यावर तुम्ही पाहिला नाही?"

"वरवर पाहिला. खाद्य ताजं दिसलं, म्हणून हात लावला नाही." त्याने मान खाली घातली. "लावायला हवा होता."

तिचा नवरा नर्सरीवाला. तो घरामागे रोपं निवडत बसला होता. हात चालूच ठेवून त्याने उत्तरं दिली.

"ट्रे? जिवापाड जपला हो. तिची सगळी मेहनत त्यात."

"ही रोपं का फेकताय?"

"वाकडी आहेत. ठेवली तर चांगल्यांचं खत खातात."

मास्तरांनी फेकलेलं एक रोप उचलून पाहिलं.

"दाजी, प्रोफेसरच ना?" मेहुणा कुजबुजला.

"गप्प बस."

त्यांनी तिला घरातून बाहेर बोलावलं, खुर्चीवर बसवलं.

"ताई, चोर नाही."

"असं कसं? वेचलेल्या आहेत त्या!"

"वेचल्या आहेत. पण चोर मागे राहिलेल्यांना जेवू घालून जात नाही. इथे सरळ पंखांच्या माश्या ताज्या खाद्यावर ठेवल्यात. म्हणजे वेचणाऱ्याने त्याच निवडल्या आणि वाकड्या टाकून दिल्या. नळ्या उभ्या ठेवल्या, म्हणजे हात शिकलेला नव्हता. प्रयोगशाळेबाहेर हा ट्रे फक्त एका घरी गेला होता. आणि त्या घरात वाकडं ते काढून टाकायची सवय आहे."

नवऱ्याच्या हातातलं रोप खाली पडलं.

"मी त्या फ्रिजमध्ये ठेवल्या," तो हळूच म्हणाला. "गारठल्या की सुस्त होतात, असं तूच एकदा म्हणाली होतीस. बघतो तर बऱ्याच लुळ्यापांगळ्या. वाटलं, रोग पसरेल. तू येशील तेव्हा सगळ्या चांगल्या दिसाव्यात."

"बोलला का नाहीस?"

"तू चोरी म्हणत होतीस. मी काही चोरलं नव्हतं."

तिने डोळे मिटले. "नराला ही अडचण नसते. यातला एक नर जरी जिवंत असता…"

"गोठवून ठेवलेल्या नसतात का?" मेहुण्याने विचारलं.

"आमच्याकडे ती सोय नाही."

मग तिने नवऱ्याला विचारलं, "टाकल्यास कुठे?"

त्याने कुंपणाकडे बोट केलं. ती उठली, पोटावर हात धरून चालत गेली. सडक्या फळांचा आणि पाल्याचा ढीग होता. तिने काठीने वरचा थर हलवला, तसा माश्यांचा लोट उठला. रानच्या माश्या, शेकड्यांनी, सगळ्या उडणाऱ्या.

"या काय, हव्या तेवढ्या आहेत!" मेहुणा म्हणाला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ती खाली बसली. न उडणारी एखादी दिसते का, ते फळ उलटून बघू लागली. नवरा तिच्यासमोर येऊन बसला.

"कशी दिसते, सांग," तो म्हणाला. "मी पण बघतो."

"तू पाहिली आहेस," ती म्हणाली आणि दुसरं फळ त्याच्या हातात दिलं.