शांतता आणायला गेलेला माणूस

मोबाईल खिशात ठेवा, पोरांनो. लाईट यायची तेव्हा येईल. नाहीतरी ही गोष्ट उजेडात सांगायची नाही. घाबरवायचं म्हणून म्हणत नाही मी. ही ऐकताना आपलं तोंड कुणी बघू नये असं वाटतं, म्हणून.

माझा साडू तुम्हाला माहीतच आहे. लग्नाकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरून डोळे मिटून बसतो तो. तुम्हाला वाटतं झोपलाय. झोपत नाही, ऐकत असतो. सिनेमाचं शूटिंग जिथे चालतं तिथे जाऊन आवाज रेकॉर्ड करायचा, हा त्याचा धंदा. तानसेन गल्लोगल्ली सापडतात, कानसेन मिळायला नशीब लागतं, म्हणून युनिटातल्या लोकांनी त्याला कानसेनच म्हणायला सुरुवात केली. पुढे घरीही तेच झालं. आमचं दोघांचं जमायचं छान. सासरा एकच असला की तक्रारी वाटून घ्यायला बरं पडतं.

तर नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे अकरा वाजून गेलेले. कानसेनचा फोन आला, "गाडी काढतोस का? एका घरी जाऊन शांतता आणायचीय."

काय हसतेस गं? मीही हसलो होतो. म्हटलं, शांतता काय किलोवर मिळते? पण ते खरंच असतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते म्हणे. छत, फरशी, खिडकीबाहेरचा रस्ता, सगळ्याचा मिळून एक बारीक आवाज असतो. सिनेमा जोडताना दोन वाक्यांच्या मध्ये तो भरावा लागतो. नाहीतर बोलणं थांबलं की एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतं. ज्या घरात शूटिंग झालं, गडबडीत त्याची शांतता घ्यायची राहून गेली होती. सिनेमा जोडणारा एडिटर रोज फोन करत होता आणि कानसेन रोज उद्यावर ढकलत होता.

मी चपला घालतोय तोवर मेहुणीचा फोन. "भावजी, त्यांना एकटं सोडू नका हं. बाहेरच बसा, पण बसा."

"का गं? भांडलात काय?"

"भांडले असते तर बरं होतं," म्हणाली. "बोलतच नाहीत."

गाडीत तो मागच्या सीटवर बसला, सामानाची पिशवी मांडीवर घेऊन. आणि अर्ध्या वाटेत, मी विचारलं नसताना, बोलायला लागला.

त्या सिनेमात आईचं काम करायला एक बाई होत्या. नाटकात आयुष्य गेलेलं. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. बाई सगळ्यांच्या आधी सेटवर यायच्या, कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत, कागद हातात धरून बसायच्या. लोकांना वाटायचं, केवढी ही निष्ठा. खरं कारण वेगळं होतं. बाईंना वाक्यं लक्षात राहत नव्हती. कशीबशी निभावत होत्या. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

कानसेनला बांबूला बांधलेला माईक आवडायचा, डोक्यावरून धरतात तो. म्हणायचा, "त्यात आवाजाबरोबर हवा येते. कॉलर माईकला नुसती छाती ऐकू येते." पण दिग्दर्शकाला अख्खी खोली दाखवायची होती, मग बांबू धरणार कुठे? म्हणून कॉलर माईक लावले. तांदळाच्या दाण्याएवढा माईक कपड्याच्या आत चिकटवायचा, त्याची वायर कमरेच्या डबीला. डबीतून आवाज वायरीशिवाय सरळ कानसेनच्या हेडफोनमध्ये.

जेवणाची सुट्टी झाली. बाई म्हणाल्या, माईक राहू दे, पुन्हा चिकटवायला नको. आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसल्या.

आता त्या धंद्यात एक रीत आहे, पोरांनो. माणूस कॅमेऱ्यापुढून हलला की त्याचा आवाज बंद करायचा. चुकून काही कानावर पडलंच, तर ते कानातच ठेवायचं. नट बायकोशी भांडतात, नट्या रडतात, कुणी संडासात जातं… सगळं ऐकू येतं. कानसेननं वीस-बावीस वर्षं ही रीत पाळली.

त्या दिवशी नाही पाळली.

बाई वाक्य पाठ करत होत्या. "हे घर बांधलं तेव्हा तू पोटात होतास. या भिंतींना…" बस. तिथे अडायचं. "या भिंतींना… या भिंतींना…" मग स्वतःच्याच गालावर चापट मारल्याचा आवाज. "आठव ना गं, म्हातारडे. आठव." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा "या भिंतींना…"

आणि कानसेन हसला. आतून आलं ते, म्हणाला. दमलेल्या माणसाला हसू येतं तसं. शेजारच्या मेकअपवाल्यानं विचारलं, काय रे? त्यानं हेडफोन त्याच्या कानाला लावला. मेकअपवाला खिदळला. मग हीरो आला. एका हेडफोनवर किती जण ऐकणार? म्हणून कानसेननं त्याचा छोटा स्पीकर जोडला. जेवणाच्या टेबलावर ठेवला, ताटांच्या मध्ये. वर स्वतः नक्कल केली… "या भिंतींना… या भिंतींना…" सगळं टेबल हसलं.

दिग्दर्शक हात धुऊन आला. त्यानं ऐकलं. तो नाही हसला. निर्मात्याला फोन लावत बाहेर निघून गेला.

संध्याकाळी बाईंना सांगण्यात आलं की तब्येत सांभाळा, भूमिका दुसऱ्या कुणाला देतोय. बाईंनी वाद घातला नाही. जाताना कानसेनच्या टेबलापाशी आल्या. माईक स्वतः काढलेला, वायर नीट गुंडाळलेली. त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "माईक लावलाय हे मी विसरले होते. तुम्ही तर विसरला नव्हतात."

महिन्याभरात बाई गेल्या. कानसेन शेवटच्या दर्शनालाही गेला नाही. "कुठल्या तोंडानं जाऊ?" म्हणाला. मी आरशात बघितलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता.

मी गिअर बदलला.

घर आलं. मालक मंडळी परगावी होती, म्हणून तर ती रात्र धरली होती. शेजारणीला आधीच सांगून ठेवलं होतं, तिच्याकडून किल्ली घेतली. खाली एक लांबट बैठकीची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मागे ती छोटी खोली. साधंच घर. कानसेननं पंखे बंद केले, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला, फ्रीज बंद केला. फ्रीजमध्ये स्वतःच्या घराची किल्ली ठेवली. मी म्हटलं, किल्लीला उकडतंय काय? तर म्हणाला, "फ्रीज चालू करायला विसरतो माणूस, किल्ली विसरत नाही."

तेवढंच हसलो आम्ही त्या रात्री.

मग मला बाहेर काढलं. "तू श्वास फार मोठ्यानं घेतोस." मी गाडीत जाऊन बसलो, काच खाली करून. गल्ली सामसूम. समोरच्या पायरीवर एक कुत्रं झोपलेलं. बैठकीच्या खिडकीतून पिवळा उजेड. त्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "बैठकीची खोली. शांतता. पहिली." मग काही नाही.

आतलं पुढचं त्यानं मला नंतर सांगितलं. जसं सांगितलं तसंच सांगतो.

स्टँडवर मोठा माईक, खोलीच्या मधोमध. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला, मिक्सर, म्हणजे आवाज कमीजास्त करून रेकॉर्ड करायचं यंत्र, मांडीवर, हेडफोन कानाला. कॉलर माईक त्यानं आणलेच नव्हते. ते घरी पेटीत होते, डब्यांमधले सेल काढून ठेवलेले. पण मिक्सरवर त्यांच्या जागा होत्या. प्रत्येक जागेवर आवाज आला की लागणारा बारीक दिवा आणि चिकटपट्टी, पट्टीवर पात्राचं नाव. मुलगा. सून. आई.

'आई'चा दिवा लागला.

त्याला वाटलं, कुठल्या टॅक्सीचा वायरलेस असेल. होतं असं. त्यानं बटण फिरवून आवाज वाढवला.

कपड्याची सळसळ. माईक छातीवर चिकटवलेला असला की येते तशी. मग श्वास. आत… बाहेर. आत… बाहेर.

"हे घर बांधलं तेव्हा तू पोटात होतास."

तो हलला नाही. हलताच येईना.

"या भिंतींना…"

थांबला आवाज.

"या भिंतींना…"

मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं. त्यानंच लावलं होतं. दाराखाली अंधार.

"या भिंतींना…"

त्याला पुढचं वाक्य येत होतं, पोरांनो. बाईंच्या जागी आलेल्या नटीनं ते म्हटलं, तेव्हा त्यानंच रेकॉर्ड केलं होतं ना. जन्मभर विसरणार नव्हता. त्याला वाटलं, सांगावं. एवढं तरी करावं. सांगितलं की सुटतील. ओठ जेमतेम हलवत तो पुटपुटला, "तुझं रडणं पाठ आहे."

हेडफोनमधला श्वास थांबला.

बराच वेळ… काही नाही.

मग अगदी कानाशी. पडद्यामागून एक नट दुसऱ्याला बजावतो तसं, हळू.

"हळू बोला. सगळे ऐकताहेत."

आणि हसू सुरू झालं.

एकाचं नाही. टेबलभर. चमचा ताटात पडल्याचा आवाज. मेकअपवाल्याचं खिदळणं. हीरोचं. आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यांत जवळून… त्याचं स्वतःचं. त्याला कधी ठाऊक नव्हतं आपण असे हसतो. "इतकं घाण हसतो मी," म्हणाला. "इतकं घाण."

त्यानं हेडफोन उपटून फेकला.

हसू थांबलं नाही.

तेव्हा तो ओरडला. ते मी ऐकलं. गाडीत बसून, या दोन कानांनी. "बाई! चुकलं माझं! बाई, माफ करा!" पायरीवरचं कुत्रं दचकून उठलं आणि खिडकीकडे तोंड करून भुंकायला लागलं. मी गाडीबाहेर पडेपर्यंत कानसेन दारात होता. अनवाणी. चेहरा… राहू दे. त्याला मी गाडीत बसवलं.

"सामान?" मी विचारलं.

मान हलवली नुसती. नाही म्हणून.

मग मला जावं लागलं. हो, एकट्याला. घर उघडं टाकून येता येईना, आणि त्याची किल्ली फ्रीजमध्ये. खोली होती तशीच होती. पिवळा दिवा. स्टँड. मिक्सर जमिनीवर पडलेला, लाल ठिपका चालू… रेकॉर्डिंग सुरूच होतं. 'आई'चा दिवा विझलेला. मागच्या खोलीचं दार लावलेलं. मी तिकडे बघितलं नाही. मिक्सरपाशी वाकलो आणि स्वतःलाच धीर यावा म्हणून मोठ्यानं म्हटलं, "हे बंद कुठून करतात रे बाबा?" सापडलं बटण. दाबलं. फ्रीज सुरू केला, किल्ली घेतली, सामान उचललं, कुलूप लावलं.

त्याच्या घराशी उतरताना एवढंच म्हणाला, "ऐकलंस ना तू मी काय म्हणालो ते?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"मग बाईंनीही ऐकलं असेल." आणि पहिल्यांदा त्याच्या खांद्यांवरचं ओझं जरा उतरल्यासारखं वाटलं मला.

तीच फाईल त्यानं जोडणाऱ्याकडे पाठवली. पुन्हा त्या घरात जायची छाती नव्हती. म्हणाला, माझं ओरडणं कापून घेईल तो, कळलं तर कळू दे. लोकांना एकदा कळायलाच हवं.

दोन दिवसांनी मी त्याच्याकडे चहाला बसलो होतो तेव्हा जोडणाऱ्याचा फोन आला. कानसेननं स्पीकरवर टाकला.

"छान आहे शांतता," जोडणारा म्हणाला. "मध्ये एक कुत्रं भुंकलंय तेवढं काढतो. आणि शेवटी कुणीतरी बंद कुठून करतात विचारतंय." हसला. "बाकी स्वच्छ."

"आणि माझा आवाज?" कानसेननं विचारलं.

"कुठला आवाज?"

कानसेननं फोन ठेवला. फाईल काढली. एक हेडफोन त्याला, एक मला. सुरुवातीला तो स्वतः बोलतो, "बैठकीची खोली. शांतता. पहिली." खणखणीत. मग शांतता. लांबलचक. हसू नाही, बाई नाहीत. मी डोळे मिटून वाट बघत होतो त्या ओरडण्याची. खिडकीच्या आतला माणूस मला रस्त्यावर ऐकू आला होता, आणि माईक त्याच्यापासून चार पावलांवर.

नाही आलं.

पुन्हा लावली. पुन्हा. मग त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मी अजून ती फाईल ऐकतो कधीकधी. माझ्याकडे आहे. माझं बोलणं आहे त्यात. माझी पावलं आहेत. आणि मधोमध, त्या शांततेत… ते कुत्रं. दचकून उठलेलं. जीव तोडून भुंकतंय.

कशावर भुंकतंय, ते मात्र त्यात कुठेच नाही.