खिडकी आणि मधली

“दुसरे प्रवासी कुठे आहेत?”

“मीच.”

“तुम्ही पहिल्या ना?”

“दुसरीही मीच.”

विमानाच्या फाटकापाशी पास तपासणाऱ्या मुलीने हातातल्या दोन पासांकडे पाहिलं, मग समोरच्या मुलीकडे. नाव दोन्हींवर एकच. आणि प्रवासी एवढीशी, की अशा दोघी एका खुर्चीत सहज मावल्या असत्या. मागे रांग चुळबुळ करायला लागली तसे तिचे कान तापले, पण ती जागची हलली नाही.

“खिडकी आणि मधली,” ती म्हणाली. “दोन्ही विकत घेतल्यात. शेजारी कुणी नको म्हणून.”

मागे कुणीतरी हसलं. ती गर्रकन वळली. मागे एक उंच माणूस उभा होता, इतका उंच की त्याचा चेहरा शोधायला तिला मान वर करावी लागली.

“दात काढायला काय झालं?”

“धंदाच आहे तो माझा,” तो बोलून गेला आणि मग स्वतःच गोंधळला. “म्हणजे… दातांचा डॉक्टर आहे मी. पण तुम्हाला नाही हसलो. हे मला आजवर कसं सुचलं नाही, म्हणून हसलो.”

यावर भांडायचं तरी काय! तिने नाक उडवलं आणि ती आत गेली. खिडकीशी बसून तिने शेजारच्या मोकळ्या खुर्चीवरून हळूच हात फिरवला. आता दोन तास ही आपली. तेवढ्यात वर सामान ठेवल्याचा आवाज झाला आणि कडेच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं. तोच. दुसरं कोण असणार म्हणा!

या दोन खुर्च्यांमागे बरंच काही होतं. घरी तिला सगळे चिमटी म्हणत. दोन खोल्यांत आई, बाबा, आत्या, दोन थोरले भाऊ आणि ही सगळ्यांत बारीक. “चिमटे, जरा सरक गं.” जेवायला बसताना सरक, झोपताना सरक, आरशापुढे उभी राहिली की सरक. चिमटी काय, कुठेही मावते! घरात प्रेमाला तोटा नव्हता, तोटा होता तो जागेला. नाही म्हणायची तिला भीड वाटायची, आणि भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. मागून मागून तिला काय मिळायचं, तर पलंगाची एक कड.

कामाच्या ठिकाणी मात्र तिची ऐट होती. ती कार्टूनपटांना आवाज द्यायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बंद केलेल्या त्या काचेच्या खोलीत ती एकटी उभी राहायची, आणि कधी खार व्हायची, कधी कासव, कधी एक महातापट किटली. आता दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओने तिला वर्षभराचं काम दिलं होतं, आणि राहायला एक खोली. तिची एकटीची! कामाचे आगाऊ पैसे आले तेव्हा आईने विचारलं, “काय घेणार? कानातलं?” ती म्हणाली, “खुर्ची.” कुठली खुर्ची ते कळल्यावर आत्याने कपाळावर हात मारला. “बूड एक आणि खुर्च्या दोन! ऐकावं ते नवलच.”

पण तिचं ठरलं होतं. यापुढे कुणासाठी सरकायचं नाही. कुणासाठीही नाही.

विमान धावायला लागलं. बाहेर पाऊस होता, आणि काचेवरचे थेंब खाली ओघळायचे सोडून आडवे मागे पळत होते. कडेच्या खुर्चीतला दातांचा डॉक्टर लांबूनच मान उंचावून ते बघत होता. त्याचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले होते आणि पेपर कसाबसा मांडीवर मावला होता. मधली खुर्ची हाताशी मोकळी असून त्याने तिच्यावर पेपरचं पानसुद्धा ठेवलं नव्हतं. मधल्या खुर्चीचा पट्टा त्याच्याकडे आला होता, तोही त्याने दोन बोटांनी उचलून परत पलीकडे ठेवला.

“हा तुमचा,” तो म्हणाला.

तिला हसू आलं. “पाऊस बघायचा असेल तर वाकून बघा की.”

“वाकलो तर हद्दीत येईन.”

“डोक्याला परवानगी आहे.”

“आणि नजरेला?”

ती चटकन खिडकीकडे वळली. काचेत तिला स्वतःचंच हसू दिसलं… आणि त्यामागे त्याचं.

मग काय, गप्पांना तोंड फुटलं. तो म्हणाला, “माझ्यापुढे दिवसभर माणसं तोंड उघडून बसतात, पण बोलत एकही नाही. म्हणून प्रवासात मी जरा सुटतो.” ती म्हणाली, “सुटा, सुटा.” तो म्हणाला, “लोक म्हणतात, दात कोरून पोट भरत नाही. माझं भरतं हो.” यावर ती इतक्या मोठ्याने हसली, की पुढच्या रांगेतल्या दोन माना वळल्या. तिचं काम कळल्यावर त्याने किटलीचा आवाज ऐकायचा हट्ट धरला, तेव्हा तिने आढेवेढे न घेता, तोंडावर रुमाल धरून, किटलीच्या फणफणत्या सुरात त्याला झाडलं, “आधी झाकण लाव, मग बोल!” तो पोट धरून हसला. हसतानाही त्याचं कोपर मधल्या खुर्चीकडे गेलं नाही, हे तिने पाहिलं. तिने त्याला चिमटीची गोष्टही सांगून टाकली, पलंगाच्या कडेसकट. अशा गोष्टी ती कुणाला सांगत नसे.

“तुम्ही ही खुर्ची एवढी का जपताय?” तिने विचारलं. “खुर्ची माझी आहे.”

“मी दिवसभर लोकांच्या नाकापाशी असतो. एवढ्या जवळ गेलं की माणूस कसा आक्रसतो, ते मला दिसतं. म्हणून कामाबाहेर कुणाच्या जवळ जायचं, तर बोलावल्याशिवाय नाही.”

असा माणूस तिने पाहिला नव्हता. तिच्या माहितीतली चांगली माणसं सगळी हक्काने येऊन चिकटणारी होती. चांगुलपणा असा दूर बसूनही करता येतो, हे तिला नवीन होतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक भारदस्त काका आले आणि मधल्या खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाले, “ही रिकामीच आहे ना? माझ्या शेजारचा इतका घोरतोय, की विमानाचा आवाज ऐकू येईना. मी बसतो इथे. जरा सरकता का?”

“जागा त्यांची आहे,” दातांचा डॉक्टर म्हणाला. “त्यांना विचारा.”

सरकता का! तो शब्द कानावर पडला मात्र, तिचं अंग आपोआप खिडकीकडे गोळा झालं. जन्माची सवय ती! तिने त्याच्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही, त्याने खूणही केली नाही. तिला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ त्याच्याकडे होता, असा तो स्वस्थ बसून राहिला. तिच्या ओठांवर किटली आली होती. तिने किटली गिळली.

“नाही,” ती म्हणाली.

“अहो, रिकामीच तर आहे!”

“रिकामी नाही. मोकळी आहे. मला मोकळी हवी, म्हणूनच घेतली.”

काका “काय एकेक माणसं असतात” असं पुटपुटत परत घोरण्याच्या दिशेने गेले.

“हा आवाज कुणाचा होता?” त्याने हळूच विचारलं.

“माझा.”

“सगळ्यांत छान हाच आहे.”

“तुम्ही का नाही बोललात मग माझ्या वतीने?”

“तुम्हाला येत होतं की!”

झालं! तो तिला आवडला. आवडला म्हणजे चांगलाच आवडला, आणि हीच पंचाईत होती. आत्ता कुठे एक खोली मिळाली होती, एक खुर्ची मिळाली होती… आणि प्रेम म्हणजे शेवटी काय, कुणीतरी येऊन म्हणणार, जरा सरक.

पाऊस मागे पडला. विमान थोड्या वेळात उतरणार असल्याची घोषणा झाली. त्याने पेपरची घडी घातली, मग ती मोडून पुन्हा घातली. हा गृहस्थ इतका सभ्य, की उतरून नमस्कार करून चालू पडेल आणि आपण बघत राहू, हे तिला स्वच्छ दिसायला लागलं.

“तुमचा दवाखाना कुठे?” तिने विचारलं.

“उतरतोय तिथेच, स्टेशनच्या मागे. पोस्टाच्या वर.”

“माझे सगळे दात शाबूत आहेत पण.”

“हो ना,” तो खिन्नपणे म्हणाला. “मघाशी हसलात तेव्हाच पाहिलं. काही आशा नाही.”

तिने ओठ चावला. मग मधल्या खुर्चीवर थाप मारून म्हणाली, “इथे बसा ना.”

त्याचा चेहरा उजळला… आणि मग त्याने मान हलवली. “नको.”

तिला चपराक बसल्यासारखं झालं. “का?”

“बसायचंय मला. फार बसायचंय,” तो म्हणाला. आता त्याचे कान लाल झाले होते. “तुम्ही मला आवडलात. तिथे फाटकापाशी, रांगेसमोर, ‘दुसरीही मीच’ म्हणालात ना… तेव्हाच. पण मी तिथे बसलो की तुम्ही खिडकीकडे सरकणार. तुमच्या लक्षातही येणार नाही, आपण सरकलो ते. तुमची अशी घेतलेली जागा मला नको.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. आजवर तिने दिलेली जागा कुणी नाकारली नव्हती. देताना तिला काय वाटतं, हे विचारायला तर कुणी थांबलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही आलं. तिने आपला पट्टा सोडला, उठली, आणि मधल्या खुर्चीत ऐसपैस बसली.

“ही पण माझीच आहे,” ती म्हणाली. “यातल्या कुठल्या खुर्चीत बसायचं ते मी ठरवणार.”

आता तो बिचारा कडेला गोळा झाला. एवढा मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत कळेना.

“तुम्ही का अंग चोरताय?”

“घाबरलोय,” तो म्हणाला. “कुणी एवढं जवळ असलं, की माझ्या हातात काहीतरी हत्यार असतं. आज हात नुसतेच आहेत.”

“मीही घाबरलेय,” ती म्हणाली. आवाज खारीचा नव्हता, किटलीचा नव्हता. “उद्या तुम्ही माझे झालात, आणि मी परत चिमटी झाले तर?”

त्याने विचार केला. घाईघाईने शपथा घेतल्या नाहीत की वचनं दिली नाहीत. मग दवाखान्यात बोलत असेल तशा शांत, धीराच्या आवाजात म्हणाला, “मी सगळ्या पेशंटना जे सांगतो तेच तुम्हाला सांगतो. जरा जरी त्रास झाला, तरी डावा हात वर करायचा. कारण सांगायची गरज नाही. मी थांबतो.”

“लगेच?”

“त्याच क्षणी.”

विमान एका कुशीवर कललं. खाली ओली छपरं, रस्ते, गच्च्या वर वर येऊ लागल्या. त्यातल्याच कुठल्या तरी छपराखाली तिची खोली होती. तिने डावा हात मांडीखाली घट्ट दाबून धरला, आणि उजवा त्याच्या हातात दिला.