एक दहाच्या बसपर्यंत

सकाळी ९.००

बस स्थानकावरच्या काचेच्या खोलीत ना-री एकटीच होती. गावात काय पाहावं हे पाहुण्यांना सांगायची तिची नोकरी. आणि पाहुणा उगवायचा महिन्यातून एखादा. म्हणून ई-हान नावाच्या तरुणानं दारातून डोकं आत घातलं तेव्हा ती उठली, बसली, आणि... परत उठली.

"अर्ध्या दिवसाची रजा काढून आलोय," तो म्हणाला. "दुपारी शहरात ऑफिस आहे. एक दहाच्या बसपर्यंत काहीतरी आखून द्या ना. निवांत."

तिनं झरझर लिहिलं. लसणाचं गोदाम. तलाव. कांद्याचे मळे. भातगिरणी...

"नऊ ठिकाणं?" तो हसला. "मला निवांतपणा हवाय हो, तुम्ही तर पळायलाच लावताय!"

"मग खोडा."

त्यानं खोडली. एकच उरलं – भातखाचरांतून चालणं.

"याला मात्र माहीतगार माणूस लागेल," पेन परत देत तो म्हणाला. "या खोलीला कुलूप लागतं का?"

लागत होतं. (दोन वर्षांत लावलं नव्हतं, इतकंच.)

९.४०

खाचरांत पाणी, पाण्यात ढग. बांध अरुंद, त्याचे बूट शहरी. तो घसरला – तिनं बाही धरली. हात नव्हे, बाही.

"पडू दिलं असतंत तरी चाललं असतं."

"मग तुम्हाला धुवायला कुणी नेलं असतं?"

"आखणीत लिहिलं असतंत ना, दहावं ठिकाण म्हणून."

ती हसली. बाही सोडायची राहूनच गेली.

१०.३०

ना-रीच्या मावशीनं लांबूनच पाहिलं. भातलावणीच्या बायका नुकत्याच खायला चटईवर टेकल्या होत्या. अशा वेळी बांधावरून जाणाऱ्याला उपाशी सोडत नाहीत. आणि बरोबर तरुण पोरगी असेल तर नुसतं जेवू घालूनही सोडत नाहीत.

"आणलास शेवटी! तीन वर्षं मागे लागलेय मी!" मावशीनं ई-हानच्या हातात गार रश्श्यातल्या शेवयांचा वाडगा कोंबला. "खा, बाळ. या झाल्या लावणीच्या शेवया. लग्नाच्या कधी खायला घालताय?"

बायका खिदळल्या. ई-हानच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ते... यांनाच विचारा."

"काहीतरीच काय मावशी!" ना-री फटकन बोलली. "मी ओळखतसुद्धा नाही यांना."

त्यानं मान खाली घातली आणि उरलेल्या शेवया संपवल्या.

१२.५०

परतीची वाट उगीचच छोटी झाली होती.

"बरोबरच बोललात तुम्ही," तो म्हणाला. "चार तासांची तर ओळख."

"हो..."

"पुढच्या शुक्रवारीही अर्धी रजा मिळेल मला. काढू?"

काढा – एवढंच म्हणायचं होतं. पण या गावात तोंडातून निघालेला शब्द संध्याकाळच्या आत घरोघरी पोचतो. तो आलाच नाही तर? मग जन्मभर जो तो विचारणार, त्या शहरातल्याचं काय झालं गं?

आणि बस आली.

१.१०

"या जावईबापू!" ड्रायव्हरकाका ओरडले. "डावीकडे बसा, उजवीकडे ऊन लागतं."

मावशीचा फोन बसच्याही आधी पोचला होता. सगळी बस वळून पाहू लागली. ई-हाननं तिच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईनं म्हणाला, "नाही काका, तसं काही—"

ना-रीनं एक पाय पायरीवर ठेवला.

"काका," ती म्हणाली, पार मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "शुक्रवारी यांना पहिल्या बसनं घेऊन या. आणि वाटेत गप्पा मारत थांबू नका!"

ई-हान दांडा धरून नुसता उभा राहिला – बसायचंच विसरला.

मागच्या बाकावरच्या आजींनी तोवर फोन कानाला लावलाही होता.