टॉवेलाची ओटी

गंगाखेडहून तराफ्यावर बसायचं आणि भरल्या गंगेतून थेट पालमच्या अंगाला उतरायचं, अशी आमची मोहीम होती. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. ती पार पडली तर अशा मोहिमा भरवणाऱ्या मंडळाची चांदीची ढाल आमची. विद्यापीठाच्या नामांतरावरून कधी बंद लागेल याचा त्या वर्षांत नेम नव्हता, म्हणून मोहीम दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा ती अडली आबासाहेबांच्या स्टॅम्पपेपरावर.

आबासाहेब म्हणजे मंडळाचे सचिव. स्वतःला पोहता येत नाही, पण बुडण्याचे सगळे प्रकार तोंडपाठ. तराफ्याच्या बांबूवर त्यांनी लाल रंगात ‘आपापल्या जबाबदारीवर बसावे’ असं लिहून घेतलं होतं. इथं पाय ठेवू नका, तिथं वाकू नका, हे ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. वर प्रत्येकाची सही हवी, घरच्या माणसाचा अंगठा हवा. का, तर जिवाचं बरंवाईट झालं तर मंडळ जबाबदार नाही. मी सही केली, नावाडी चंद्रभाननं केली. राणीसावरगावच्या गुरुसिद्धप्पानंही केली. वल्हं मारण्यात आमच्यातला सगळ्यात तगडा गडी तोच. पण त्याची आई गंगम्मा काही अंगठा देईना.

“कोन जबाबदार न्हाई?” तिनं विचारलं.

“मंडळ,” आबासाहेब म्हणाले.

“मंग नेता कशाला? वासरं चारायला नेनारा गुराखीबी असं म्हनत न्हाई.”

ऊन वर चढत होतं. माझा जीव वैतागला. “मावशी, मी जबाबदार. झालं? निघू द्या आता.”

तिनं मला खालीवर न्याहाळलं. “पदर पसरा.”

“मला कुठला पदर?”

“मंग टॉवेल पसरा.”

चंद्रभान हसून हसून बेजार. मी मुकाट्यानं खांद्यावरचा टॉवेल पसरला. तिनं त्यात नारळ ठेवला, पसाभर जोंधळे घातले आणि पोराचा हात माझ्या हातात दिला. “तुमच्या ओटीत घातलाय. एकुलता हाय. पेरनी तोंडावर आलीया. नेता तसाच आना.”

“मग अंगठ्याच्या जागी तुमचंच नाव टाकतो, मुंजाजी,” आबासाहेब म्हणाले आणि टाकलंही. मी ओटीचा टॉवेल कमरेला गच्च बांधला.

पहिला दिवस निवांत गेला. दोन्ही काठांना काळी रानं पेरणीसाठी पाळी घालून तयार पडलेली, मधून गढूळ गंगा संथ चाललेली, आणि वल्ह्याच्या चुबुकचुबुक आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच वाहून आलेल्या बाभळीनं तराफ्याखालची एक ट्यूब फाडली. दुपारी भोवऱ्यानं गरगर फिरवलं. आणि उतरायच्या घाटाआधीच्या वळणावर खडकांचा खळाळ लागला!

तराफा तिरपा झाला. समोर काळा खडक! गुरुसिद्धप्पानं पाय पुढे टाकला. खडकाला रेटायला गेला आणि पाय बांबूत अडकला. कडकन आवाज आला. दुसऱ्या क्षणी तो पाण्यात! मी उडी टाकली. केस हाती लागले, सुटले, पुन्हा लागले. नाकातोंडात पाणी गेलं. चंद्रभाननं वल्हं पुढे केलं, मी ते धरलं, आणि धापा टाकत तिघंही काठाच्या चिखलात येऊन पडलो.

गुडघ्याखाली हाड मोडलं होतं. मी कमरेचा टॉवेल सोडला. नारळ घरंगळत पाण्यात गेला, जोंधळे चिखलात सांडले. त्याच टॉवेलानं पाय वल्ह्याला बांधला. गुरुसिद्धप्पा ओठ चावत होता.

तेवढ्यात घाटाकडून चिखल तुडवत आबासाहेब आले. खाली घाट दिसत होता, माणसं जमली होती, हलगी वाजत होती.

“तराफा तरंगतोय अजून,” ते म्हणाले. “तुम्ही दोघं पुढे व्हा. याला इथं बसवा, गाडी येईल कधीतरी. त्याची सही आहे आपल्याकडे.”

मला ढाल हवी होती. लय हवी होती. घाट हाकेच्या अंतरावर होता. चंद्रभान माझ्याकडे बघत राहिला.

“सही तुम्हीच सांभाळा,” मी म्हणालो आणि गुरुसिद्धप्पाला पाठुंगळी घेतलं. काळ्या मातीत पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत रुतायचं. चंद्रभान मागून मोडका पाय धरून चालला. पोरगं वजनाला म्हशीएवढं. शिव्या घालत बैलगाडीपर्यंत पोचलो आणि दवाखाना गाठला.

प्लॅस्टर घालून त्याला घरी नेलं, तेव्हा गंगम्मा दारातच उभी होती. तिनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, पायाकडे पाहिलं आणि डोळे पुसले. मग माझ्याकडे वळली.

“नारळ?”

“गंगेत गेला.”

“जाऊ द्या. पेरनी कोन करनार?”

आबासाहेबांचा कागद अशा वेळी किती कामाचा असतो ते मला तेव्हा कळलं. पण माझी सुटका करणारा कागद कुठंच नव्हता.

“मी,” म्हणालो.

“मंग उद्या पहाटं या. नि तासं सरळ धरा.”

गेलो. जन्मात कधी तिफण धरली नव्हती. गंगम्मा मागून चाड्यात बी सोडत होती नि मला बोल लावत होती. हाताला फोड आले, कंबर धरली, आणि मोहिमेत बसला नाही एवढा मार त्या रानात बसला. ढाल पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी नेली.

जोंधळा मात्र झकास आला, पण सगळी तासं वाकडी, ओळ न् ओळ नागमोडी. रस्त्यानं जाणारा येणारा थांबून विचारायचा, ही असली पेरणी कुणाची?

गंगम्मा सगळ्यांना माझं नाव सांगायची.